रोज त्याच वाटेनं

५ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. फोन नको म्हटलं ते तू मुकाट्यानं ऐकलंस, हे तुझ्याकडून जरा नवलच. कागदावर बरं आहे. कागद मध्येच "बोल ना, गप्प का झालीस" असं म्हणत नाही.

तू विचारतोस, त्या दिवशी वॉर्डात नेमकं काय झालं. आईला वाचून दाखवणार नसशील तर लिहिते.

त्या म्हातारबाबांना आणलं तेव्हाच त्यांचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. काही उपयोग झाला नाही. डॉक्टरांना लगेच दुसऱ्या पेशंटसाठी पळावं लागलं, म्हणून मुलाला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हणाले, "बाबा गेले." त्यानं विचारलं, "कुठे गेले?" मी पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यानं माझे केस धरले आणि माझं तोंड औषधांच्या ट्रॉलीच्या कडेवर आपटलं. परत उचललं, परत आपटलं. मग सलाइनचा स्टँड घेऊन डोक्यात घातला. मी खाली पडले तर पोटात लाथा. अख्खा वॉर्ड बघत होता. मी ज्यांची उशी रोज नीट करायचे तेही बघत होते.

मग तो थांबला आणि बापाच्या अंगावरचं पांघरूण त्यानं सरळ केलं. लाथांपेक्षा मला तेच जास्त आठवतं.

आता टाके निघालेत. डोकं दुखतं ते हळूहळू जाईल. बाकी काळजीसारखं काही नाही.

आत्याचं घर अगदी तळ्याला लागून आहे. तळ्याच्या कडेकडेनं पायवाट आहे, दलदल लागते तिथे लाकडी फळ्या टाकल्यात. आत्या म्हणते, "घरात बसून गंज चढेल तुला," आणि सकाळी सरळ दाराबाहेर काढून आतून कडी लावते. पहिल्या दिवशी मी फळ्यांपर्यंतच गेले. मागून कोणीतरी पळत आलं, व्यायामवाला असेल बिचारा, आणि मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसले. तो "सॉरी ताई" म्हणत राहिला. आज फळ्यांच्याही पुढे गेले. तिथे झाडाखाली एक बाक आहे. बसून पाणी बघितलं. काही विचार केला नाही. किती दिवसांनी.

आईच्या औषधांकडे लक्ष दे.

तुझी ताई


१३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार, खुशाली वगैरे सगळं तूच समजून घे, मला तसलं लिहिता येत नाही.

तुझं पत्र वर्कशॉपमध्ये वाचलं. वाचून झाल्यावर वेल्डिंगला बसलो तर सांधा असा काही जाळला की मालक म्हणाला, "फाटक जोडायचंय, वितळवायचं नाही." साऱ्या वॉर्डाची तू सिस्टर असशील, सख्खी माझ्या एकट्याची आहेस. त्या बघत बसणाऱ्यांपैकी एकालाही उठता आलं नाही?

तो माणूस जामिनावर सुटलाय, तुला कळलंच असेल. केस कधी उभी राहील ते देव जाणे. पण तू घाबरू नकोस, मी काही करणार नाही. तू नेहमी म्हणतेस, माझं डोकं म्हणजे उघड्यावरचा गॅस. तर सध्या नळ बंद आहे.

उलट तुझं वाचून मीही चालायला लागलोय. हसू नकोस. संध्याकाळी काम सुटलं की बाजारामागच्या गोदामांच्या रस्त्यानं जातो. तुझ्यासारखं तळंबिळं नाही इथे, पण बरं वाटतं. तिथे बोळ आहेत, भिंती आहेत, माणसं घरी जात असतात. बघत बघत जायचं. तुला त्या वाटेवर काय काय दिसतं ते लिही. म्हणजे बघायचं कसं, ते मलाही कळेल.

आई बरी आहे. तुझ्या नावानं रडते, मग मी अजून जेवलो नाही म्हणून माझ्या नावानं ओरडते.

तुझा धाकटा


२२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तू आणि चालायला! आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "तो लहानपणी कोपऱ्यावरच्या दुकानात जायलासुद्धा सायकल मागायचा." तुझं पत्र मी दोनदा वाचलं. खरं सांगते, मला तुझीच धास्ती होती. आता गेली.

बघायचं कसं विचारतोस, तर मला जे कळलं ते सांगते. रोज त्याच वाटेनं जायचं आणि त्याच वेळी. पहिले काही दिवस काहीच दिसत नाही, कंटाळायचं नाही. एक जागा धरून गप्प उभं राहायचं. आपण हललो नाही की जे लपलेलं असतं ते आपणहून बाहेर येतं. त्याची सवय कळते, कुठून येतं, कुठे थांबतं, पाठ कधी फिरवतं. राखी बगळा मी असाच ओळखीचा केला. तो एका पायावर ध्यान लावून उभा असतो, वाटतं, केवढी शांती. मग मान अशी सुटते की डोळ्याला दिसत नाही, आणि चोचीत बेडूक. जिवंत गिळतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तोंड फिरवलं. आता बघते. तो रागानं मारत नाही, एवढं मला कळलंय.

आणि एक गोष्ट झाली. इथे गळ टाकून बसणारे एक काका आहेत. काल त्यांच्याच तळहातात गळ घुसला, आरपार नाही, अर्धा. असा गळ मागे ओढला तर मांस घेऊन येतो. वॉर्डातल्या त्या दिवसापासून मी कोणाच्या अंगाला हात लावलेला नाही, तुला माहीत आहे. आत्याच्यासुद्धा. काका दात दाबून उभे होते, रक्त फळीवर ठिबकत होतं. मी त्यांचा हात मांडीवर घेतला, गळ पुढे ढकलून टोक बाहेर काढलं, त्यांच्या पकडीनं ते तोडलं आणि उरलेला मागे ओढून घेतला. काका म्हणाले, "हात हलका आहे पोरी तुझा." मी घरी येईपर्यंत रडत होते, पण हात थरथरत नव्हते.

मला वाटतं मी परत कामावर जाऊ शकेन. लगेच नाही. पण असं पहिल्यांदाच वाटलं, म्हणून तुला लिहिलं.

तुझी ताई


९ मार्च

ताई,

काम झालं.

चालायला जातो म्हणालो ते खोटं नव्हतं. तो माणूस त्या गोदामांत खोकी उतरवतो. मी रोज त्याच्या मागे चालत होतो. तू लिहिलंस तसंच केलं. त्याच वाटेनं, त्याच वेळी, एक जागा धरून. कुठून निघतो, कुठे बिडी पेटवायला थांबतो, पाठ कधी फिरवतो. गुरुवारी बोळात आम्ही दोघंच होतो.

चौकोनी पाइपचा तुकडा नेला होता वर्कशॉपमधून. आधी गुडघ्यावर दिला, म्हणजे पळायचा प्रश्न मिटला. पडल्यावर त्यानं वर बघितलं. मी विचारलं, "सिस्टर आठवते का?" तो म्हणाला, "कोण सिस्टर?" मग मात्र मी थांबलो नाही. ज्या हातानं तुझे केस धरले तो उजवा हात मी दगडाच्या पायरीवर ठेवला, मनगटावर पाय दिला आणि पाइप मारत राहिलो. ओली काटकी मोडावी तसा आवाज येतो. शेवटी आवाज यायचाही थांबला. बरगड्याही गेल्या असतील. तोंडाला हात लावला नाही, म्हटलं आरशात बघू दे रोज.

मेला नाही. मी लांबून खात्री केली, कोणीतरी उचलून नेला.

आता तू नीट झोप. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली, आई खूश होती. तिला काही माहीत नाही. पोलीस अजून आले नाहीत, त्यानं बहुतेक माझं नाव सांगितलेलं नाही. का ते कळत नाही. चार दिवस तुझ्याकडे येऊन राहीन म्हणतो. तुझी ती वाट बघायची आहे.

धाकटा


१३ मार्च

धाकट्या,

आधी खरं ते लिहिते. तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं. त्या हाताबद्दलच्या ओळी मी परत वाचल्या, चवीनं वाचल्या. मग मोरीत जाऊन ओकले.

मी तुला पाखरं बघायला शिकवत होते आणि तू माणूस टिपायला शिकत होतास. माझेच शब्द. तुझ्या पत्रात ते मी ओळखले.

झोप म्हणतोस. ऐक. आतापर्यंत वाटेवरच्या लव्हाळ्यात मला तो उभा दिसायचा. आज सकाळी गेले तर तिथे तू उभा होतास, हातात पाइप घेऊन. मी बाकापर्यंतसुद्धा जाऊ शकले नाही.

त्यानं नाव का सांगितलं नाही ते तुला कळत नाही? मला कळतं. तू तरी कुठे पोलिसांकडे गेला होतास? तुला जे स्वतःच्या हातानं फेडायचं होतं, ते त्यालाही तसंच फेडायचं आहे.

इकडे येऊ नकोस. तू आलास की तुझ्या मागून तो येईल. मागे चालत राहायला काय लागतं, ते तू करून दाखवलंच आहेस. पोलीस चौकीत जा, आजच. वकिलाचं मी बघते. हे पत्र तू निघायच्या आत पोचावं एवढीच इच्छा आहे.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र तुरुंगाच्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. मी पोलिसांना जे सांगितलं ते वकिलाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून जावं, म्हणून सगळं लिहिते.

माझं पत्र तुझ्या घरी पोचलं तेव्हा तू इथे आत्याच्या दारात उभा होतास. मी तुला परत पाठवायला हवं होतं. आत्यानं तुला जवळ घेतलं, आणि मलाही ते जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण वाटेनं निघालो. म्हटलं, तुला तिथे समजावेन, तिथे माझं डोकं चालतं. टिबुकली पाखरं बुडी मारून भलतीकडेच वर येतात ते बघून तू हसलास. म्हणालास, "ताई, इथे खरंच गार वाटतं जिवाला." तोपर्यंत मला वाटत होतं, हे जमेल.

तो फळ्यांवर समोरून आला. उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये, पाय ओढत. डाव्या हातात खोकी कापायची सुरी. मला म्हणाला, "सिस्टर, बाजूला व्हा." इतक्या अदबीनं म्हणाला की मी खरंच एक पाऊल बाजूला झाले. त्यानं तुझ्या कुशीत सुरी ओढली. तू त्याला कवेत पकडलंस आणि दोघंही पाण्यात गेलात.

पाणी गुडघाभर, खाली चिखल. तू वर होतास. त्याची सुरी कधीच सुटली होती, तेही मी सांगितलं. तू त्याचं डोकं धरून खाली दाबलंस. प्लास्टरचा हात पाण्यावर आपटत होता. मी ओरडले, "सोड." परत ओरडले. तुझं रक्त पाण्यात पसरत होतं आणि तुला त्याचंही भान नव्हतं. मी तुझा चेहरा बघितला. त्यावर राग नव्हता. राग असता तर मी आणखी थोडं ओरडले असते.

मग तो हात आपटायचा थांबला.

गळवाल्या काकांची नाव तिथेच बांधलेली होती. त्यातलं वल्हं मी घेतलं आणि तुझ्या पाठीत मारलं. तू हलला नाहीस. दुसऱ्यांदा खांद्यावर मारलं, सगळा जोर लावून. हाड मोडलं ते मला हातात कळलं. तू माझ्याकडे वळून बघितलंस. ती नजर मी विसरणार नाही, आणि तू विसर असं म्हणणार नाही.

काका धावत आले. त्यांनी तुला ओढून काठावर घेतलं आणि शर्टानं कूस बांधली. मी त्याला फळ्यांवर घेतलं. श्वास नव्हता. छाती दाबली, मग तोंडाला तोंड लावलं. ज्यानं माझं तोंड फोडलं त्याच्याच. किती वेळ, ते माहीत नाही. शेवटी त्यानं पाणी ओकलं, माझ्या अंगावरच, आणि "आई" म्हणाला.

पोलिसांना मी वॉर्डातलं सांगितलं, बोळातलं सांगितलं, सुरीचं सांगितलं, पाण्यातलंही सांगितलं. काही लपवलं नाही. तुझंही नाही, त्याचंही नाही.

तुझी ताई


२० मे

सिस्टर,

पत्र मिळालं. दुसरंही मिळालं, तिसरंही. उत्तर द्यायचं नव्हतं.

खांदा जुळला, पण वाकडा. माझा वेल्डिंगचा सांधा याच्यापेक्षा सरळ असतो. आता हात कानाच्या वर जात नाही. डॉक्टरनं विचारलं, "कोणी मारलं?" मी म्हणालो, "घरच्यांनी."

मी तुझ्यासाठी मारलं आणि तू त्याच्यासाठी मला मारलंस. कोणालाही विचार, हा हिशेब लागतो का. तो मेला असता तर काय बिघडलं असतं ते मला समजावून सांग, एवढी शिकलेली आहेस. इथे पहिल्याच आठवड्यात एकाचे पुढचे दात पाडले. तेव्हापासून माझ्या बाजूला कोणी झोपत नाही. ऐसपैस जागा आहे.

भेटीला येऊ नकोस. ज्यांना भेटणार त्यांची नावं द्यायची असतात, मी तुझं दिलेलं नाही. फक्त आईचं दिलंय.


२ जून

प्रिय धाकट्या,

काय बिघडलं असतं? तू खुनी झाला असतास. "मी तुला वाचवलं" असं पुढे लिहिलं होतं, पण खोडलं. त्या वेळी मी तुझा विचार केला नव्हता, त्याचाही नाही. माणूस पाण्याखाली होता आणि मला तो बाहेर हवा होता. एवढंच होतं डोक्यात. विचार नंतर आले, आणि अजून येतात. अंघोळीच्या वेळी अंगावर पाणी घेतलं की तुझं हाड हातात जाणवतं.

वाटेवर मी कित्येक दिवस गेले नाही. आत्यानंही ढकललं नाही, तिलाही तिकडे बघवत नव्हतं. मग एका सकाळी काका दारात आले. म्हणाले, "फळ्या घासल्या मी. चल." आम्ही दोघं गेलो. मी त्या जागी उभी राहिले. पाण्याला काही माहीत नव्हतं. लव्हाळा मोडला होता तिथे नवीन कोंब आले होते. मला वाटलं होतं ओरडावंसं वाटेल. भूक लागली. घरी येऊन पोटभर जेवले आणि इथल्या छोट्या दवाखान्यात कामासाठी अर्ज दिला. कालपासून जाते. कोणी मोठ्यानं बोललं की भिंतीला टेकून उभी राहते, मग पुन्हा कामाला लागते.

तोही आत आहे, दुसऱ्या तुरुंगात. तुला हे कळायला हवं म्हणून लिहिलं.

हिशेब लागत नाही म्हणतोस. मलाही लागत नाही.

तुझी ताई


२७ जून

ताई,

हे कोणाला तरी सांगायला हवं. इथे कोणाला सांगण्यासारखं नाही, वकिलाला तर नाहीच.

तू लिहिलंस, माझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. बरोबर आहे. बोळात मारत होतो तेव्हा डोक्यात भट्टी पेटली होती. पाण्यात तसं नव्हतं. त्याचं डोकं खाली होतं, माझे हात थंड पडले होते, आणि एकदम सगळं गप्प झालं. तू ओरडत होतीस ते ऐकू आलं नाही. लव्हाळ्यावर एक बारीक निळी टाचणी बसली होती, चतुरासारखी, चार पंखांची, ती हलताना दिसत होती. मला वाटलं, हेच ते. ताई पत्रातून सांगत होती ते. आयुष्यात पहिल्यांदा मला कसलीच घाई नव्हती. कुशीत सुरी लागल्याचंही कळलं नाही.

मग तू मारलंस.

मला तुझा राग मारल्याचा नाही. इतके दिवस मलाच कळत नव्हतं कशाचा आहे. तू मला त्यातून बाहेर काढलंस, त्याचा आहे. आता रोज सकाळी आम्हाला अंगणात गोल फिरवतात आणि मला त्याचीच आठवण येते. काल शेजारच्या कोठडीतला माणूस नळावर वाकून तोंड धूत होता. त्याची मान बघितली आणि माझे हात थंड पडले. त्यानं माझं काहीही वाकडं केलेलं नाही. मी तिथून निघून कोठडीत जाऊन बसलो.

तू ज्या शांततेबद्दल लिहायचीस, ती हीच का? मला भीती वाटते, ताई.

धाकटा


४ जुलै

प्रिय धाकट्या,

नाही. ती ही नव्हे. पण तुला तसं वाटलंच नाही, असंही मी म्हणणार नाही. बगळ्याकडे बघून मी तुला केवढी शांती म्हणून लिहिलं होतं, त्यामुळे थोडा दोष माझ्याकडेही येतो. तुझी ती शांतता एका माणसाच्या श्वासावर चालली होती, तो संपला की तीही संपली असती. मग तुला दुसरा लागला असता. हे तुलाही कळलंय, म्हणून तर तू नळापासून दूर गेलास. ती मान बघून तू निघून गेलास, हे वाक्य मी आत्याला वाचून दाखवलं. ती डोळे पुसून कपडे वाळत घालायला गेली.

घाबरलास ते बरं झालं. घाबरत राहा. आणि हे कोठडीत एकट्यानं धरून बसू नकोस, तिथल्या डॉक्टरला सांग, मला सांगितलंस तसंच. त्यांना नाही समजलं तर मी बोलेन.

बाकीचं कागदावर होणार नाही. तुझ्या त्या नावांमध्ये माझं नाव घाल. आईशिवाय येईन, एकटी. तुझा वाकडा खांदा मला बघायचा आहे, आणि तुला माझ्यावर ओरडायचं असेल तर समोर ओरड.

एक सांगायचं राहिलंय. जाळीपाशी बसशील तेव्हा माझ्या उजव्या हाताला बस. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही. वॉर्डातल्या त्या दिवसापासून येत नाही, आणि आता येणारही नाही. उजव्यानंही फोनवर अर्धंच कळतं, तू लगेच ओळखलं असतंस; फोन नको म्हणायचे ते त्यामुळेच. हे तुला आधी सांगितलं असतं तर तू त्याला बोळातच संपवला असतास, म्हणून लपवलं. आता सांगते आहे.

तुझी ताई